परिक्रमेची वही ते पुस्तक: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

नर्मदा परिक्रमा, म्हणजे नदीला पायी पूर्ण प्रदक्षिणा, करून आलेल्यांची हस्तलिखितं मी गेली काही वर्षं मुद्रितशोधनासाठी वाचते आहे. चालणं खरं असतं, श्रद्धा खरी असते, सोसलेलं खरं असतं. तरीही बहुतेक हस्तलिखितं वाचवत नाहीत, आणि कारण जवळपास सगळीकडे एकच असतं. घरी आल्यावर महिन्याभरात माणूस वही उघडतो आणि पहिल्या पानापासून टाइप करायला लागतो. “पहाटे साडेतीनला उठलो. स्नान, पूजा, आरती. चहा. नर्मदे हर म्हणून निघालो. १८ किमी. आश्रमात मुक्काम. महाराज फार प्रेमळ.” असे सव्वाशे दिवस.

चालणाऱ्याला ती एक ओळ पुरते, कारण ओळ वाचली की अख्खा दिवस त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. वाचणाऱ्यापुढे काहीच उभं राहत नाही. त्यामुळे टाइप करणं हे या कामातलं पहिलं पाऊल नाही, बऱ्याच नंतरचं आहे. खाली दिलेला क्रम परिक्रमेचा आहे. पंढरीची वारी, सायकल सहल किंवा मुलाकडे परदेशात काढलेले सहा महिने यांनाही तो थोड्याफार फरकाने लागू पडेल.

## १. आधी सगळं एका जागी आणा

वही ओली झालेली असते, घामाने पानं चिकटलेली असतात, पेनाची शाई पसरलेली असते. ती आधी वाचवा. प्रत्येक पानावर कोपऱ्यात पेन्सिलने क्रमांक घाला आणि खिडकीच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो काढा. फोटोंच्या दोन प्रती ठेवा, एक घरच्या संगणकावर आणि एक दुसऱ्या कुणाकडे.

मग वहीबाहेरचा ऐवज गोळा करा. लोक हे विसरतात, आणि खरी संपत्ती इथेच असते:

- परिक्रमेत ठिकठिकाणी शिक्के घेतलेली पुस्तिका. गावाचं नाव आणि तारीख दोन्ही पक्की मिळतात.
- घरच्यांना पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅप निरोप, विशेषतः आवाजातले. ‘चॅट एक्स्पोर्ट’ केलं की लिहिलेले निरोप तारीख-वेळेसकट मजकुराच्या फाइलमध्ये येतात; आवाजातले हवे असतील तर मीडियासकट एक्स्पोर्ट करा, ते वेगळ्या फाइल म्हणून येतात. रात्री आठ वाजता दमलेल्या आवाजात मुलीला सांगितलेलं वाक्य वहीतल्या वाक्यापेक्षा नेहमीच जिवंत असतं.
- सोबत चाललेल्यांचे फोटो, मूळ स्वरूपात.

सावध: व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेलं चित्र आकाराने लहान होतं आणि काढल्याची तारीख-वेळही त्यातून निघून जाते. सोबत्यांना फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर केबल लावून घ्या. हे आजच करा. फोन बदलला की मूळ फोटो गेले.

## २. दिवसांचा तक्ता

एक लांब तक्ता आखा. दिवस क्रमांक, तारीख, तिथी, कुठून निघालो, कुठे थांबलो, कुणी आसरा दिला, काय खाल्लं, फोटो क्रमांक, वहीचं पान. आणखी एक रकाना हवाच, तो म्हणजे तट: दक्षिण की उत्तर.

या तटाच्या रकान्याने मी आजवर सगळ्यात जास्त चुका पकडल्या आहेत. मैया (नर्मदा) कायम उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचं नाही, हा नियम असल्याने गावांचा क्रम नदीनेच ठरवून दिलेला असतो. परिक्रमा ओंकारेश्वरहून उचललीत, म्हणजे सुरू केलीत, तर आधी दक्षिण तटाने पश्चिमेकडे, राजघाट आणि शूलपाणीची झाडी (तिथलं डोंगराळ जंगल) करत समुद्रापर्यंत. मग विमलेश्वरहून समुद्रातून नावेने पलीकडे मिठीतलाईला. तिथून उत्तर तटाने पूर्वेला अमरकंटकच्या उगमापर्यंत आणि पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वर. म्हणजे महेश्वर आणि नेमावर नावेच्या प्रवासानंतरच यायला हवीत. नेमावरच्या समोरच असलेलं हंडिया मात्र अमरकंटक झाल्यावर येतं, कारण ते दक्षिण तटावर आहे. समोरासमोरच्या या दोन गावांमध्ये तुमच्या पुस्तकात कित्येक आठवड्यांचं अंतर पडलं पाहिजे. एका हस्तलिखितात ती लागोपाठच्या दोन दिवशी आली होती. लेखिकेने फोटो पाहून आठवणीतून लिहिलं होतं आणि घाटावरून दिसलेलं पलीकडचं गाव तिच्या मनात ‘गेलो होतो’ असं नोंदलं गेलं होतं.

तसंच ओंकारेश्वराचं. ज्योतिर्लिंग आहे मांधाता बेटावर. संकल्प सोडल्यानंतर परिक्रमावासी पात्र ओलांडून तिकडे जात नाही. दक्षिण तटावर ममलेश्वराचं दर्शन घेतो. “दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वराचं दर्शन घेऊन पुढे निघालो” असं छापलं गेलं, तर परिक्रमा केलेला पहिलाच वाचक पुस्तक मिटेल.

तपासा: किलोमीटरची बेरीज करून पाहा. नदीची लांबी १३१२ किमी धरली तर दोन्ही काठ मिळून २६०० च्या पुढे जातं, आणि वाट कधीच काठाने सरळ जात नसल्याने प्रत्यक्ष चाल त्याहून जास्त भरते. तुमची बेरीज १९०० येत असेल तर काही दिवस नोंदवायचे राहिलेत, किंवा मध्ये वाहनाने गेला आहात. वाहनाने गेला असाल तर तसं लिहा.

गावांची नावं आज फलकावर जशी आहेत तशी लिहा, जुनं नाव एकदाच द्या. होशंगाबाद २०२२ पासून नर्मदापुरम आहे.

## ३. चार रंगांची पेन्सिल

आता वहीच्या झेरॉक्सवर (मूळ वहीवर नाही) चार रंगांनी खुणा करा: स्वतः पाहिलेलं, कुणाकडून ऐकलेलं, मनात आलेलं आणि घरी आल्यावर वाचलेलं.

हे काम कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका. पुस्तक कुठे कच्चं आहे ते याच खुणांवरून दिसतं. साधारणपणे ‘ऐकलेलं’ आणि ‘वाचलेलं’ यांचे रंग पानभर पसरलेले असतात आणि ‘पाहिलेलं’ दोन ओळींत आटोपलेलं असतं. शूलपाणीच्या झाडीत हे फार होतं. आधीच्या परिक्रमावासींची वर्णनं इतकी वाचलेली असतात की माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं सोडून ती वर्णनंच पुन्हा लिहितो. पण ती वर्णनं ज्या काठाची होती, तो काठच आता पाण्याखाली आहे. सरदार सरोवर धरणाची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर, शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर बुडालं, नवं गोरा इथे बांधलं. जुन्या पायवाटा गेल्या, गावं वर सरकली किंवा उठली. तुम्ही चाललात ती वाट नवी आहे, आणि तिच्याबद्दल लिहिणारे अजून थोडेच आहेत. म्हणून तीच लिहा.

सावध: “इथले लोक परिक्रमावासींना लुटतात” हे वाक्य जवळपास प्रत्येक हस्तलिखितात असतं, आणि लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा त्याच लोकांनी जेवू घातलेलं असतं. स्वतःवर प्रसंग आला असेल तर काय झालं ते सांगा. ऐकीव असेल तर एका अख्ख्या समाजावर तो शिक्का मारू नका. अश्वत्थामा दिसल्याच्या गोष्टींनाही हाच नियम: कुणी सांगितलं, कुठे, दिव्याच्या उजेडात की चालताना, हे द्या. गोष्ट सांगणारा माणूस दिसला की ती वाचनीय होते.

## ४. रिकाम्या जागा भरणं

तक्त्यात काही दिवस कोरे राहतील. ताप आलेला असतो, पेन हरवलेलं असतं, किंवा इतकी दमणूक झालेली असते की लिहिलंच नाही. सोबत्याला फोन करा, पण “तुम्हाला तो दिवस आठवतो का?” असं विचारू नका, उत्तर “हो, छान होता” एवढंच येईल. बारीक प्रश्न विचारा. त्या रात्री अंगावर काय पांघरलं होतं? पाणी कुठून भरलं? कुणाच्या पायाला फोड आले होते?

दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहा. वाचकाला ते आवडतं. आणि दोघांनाही आठवत नसेल तर तो दिवस सोडून द्या. अंदाजाने संवाद रचू नका. निमाडी, बुंदेली, भिली, गुजराती या काठावरच्या बोली तुम्हाला येत नसतील तर पदरचं मोडकंतोडकं हिंदी आसरा देणाऱ्या माताजींच्या तोंडी घालण्यापेक्षा त्या काय म्हणाल्या ते मराठीत सांगा. वहीत जसंच्या तसं टिपलेलं वाक्य असेल तेवढंच अवतरणात ठेवा.

## ५. पुस्तक कशाबद्दल आहे, हे एका वाक्यात

“परिक्रमेबद्दल” हे उत्तर पुरेसं नाही. परिक्रमेबद्दल मराठीत पुस्तकं भरपूर आहेत. तुमच्या वहीत काय आहे?

हे शोधायला एक साधा उपाय आहे. तक्ता समोर ठेवून कुठला रकाना सगळ्यात भरगच्च आहे ते पाहा. माझ्याकडे आलेल्या एका काकूंना वाटत होतं की त्यांचं पुस्तक अध्यात्मावर आहे. तक्त्यात अध्यात्माला फारसं काही मिळेना, पण ‘काय खाल्लं’ हा रकाना एकही दिवस कोरा नव्हता. सदाव्रतात, म्हणजे परिक्रमावासींसाठीच्या मोफत अन्नदानात, मिळालेला शिधा किती, डाळ कुठे पातळ, कुठे तीन जणींत एक वाटी, कुठे चूल पेटत नव्हती. पस्तीस वर्षं घरादाराला वाढलेली ही बाई चार महिने रोज दुसऱ्यांपुढे हात पसरत होती. हेच त्यांचं पुस्तक होतं. त्यांनी ते वाक्य कागदावर लिहून टेबलापुढच्या भिंतीला चिकटवलं आणि जे या वाक्याशी जात नव्हतं ते बाजूला काढायला सुरुवात केली.

दुसऱ्या कुणाच्या वहीत तो धागा पायांचा असेल, जुळलेल्या किंवा तुटलेल्या सोबतीचा असेल, बायकोच्या वर्षश्राद्धानंतर उचललेल्या वाटेचा असेल.

तपासा: ते वाक्य घरातल्या अशा माणसाला वाचून दाखवा ज्याला परिक्रमेत रस नाही. त्याने “मग काय झालं?” असं विचारलं तर पुढे जा.

## ६. दिवस गाळणं, दिवस जोडणं

प्रत्येक दिवसाची एक चिठ्ठी करा आणि जमिनीवर मांडा. सव्वाशे चिठ्ठ्यांतून पंधरा-अठरा प्रकरणं निघायला हवीत. सारखे दिवस एकत्र करा: “पुढचे नऊ दिवस उसाच्या रानातून” या एका परिच्छेदात नऊ दिवस मावतात. आणि एखाद्या रात्रीला बारा पानं द्यायला कचरू नका.

कालक्रम मोडू नका. नदी एका दिशेने नेते, वाचकालाही तसंच जाऊ द्या. फक्त सुरुवात पिशवी भरण्यापासून करू नका. बूट कुठले घेतले, कुणी आशीर्वाद दिले, रजा कशी मिळाली यात पहिली चाळीस पानं जातात आणि संकल्प सोडेपर्यंत वाचक थकून गेलेला असतो. पाय वाटेला लागले आहेत तिथून सुरू करा. तयारीतलं जे खरंच हवं ते चालता चालता येईल. सामानाची यादी, औषधं, हवामान हे सगळं शेवटी परिशिष्टात. त्यात आश्रमांचे फोन नंबर छापू नका. ते बदलतात, आणि ज्यांचे आहेत त्यांना विचारलेलंही नसतं.

## ७. पहिला खर्डा

आता लिहायला बसा, पण पहिल्या प्रकरणापासून नाही. जो दिवस डोळे मिटले की दिसतो, तो आधी लिहा. त्याचा सूर लागला की बाकीची प्रकरणं त्या सुरात येतात. रोज सहाशे-सातशे शब्द पुरे. इंटरनेट बंद ठेवा; लिहिताना माहिती शोधायला गेलात की ‘वाचलेलं’चा चौथा रंग पुन्हा पसरतो. माहिती हवी तिथे कंसात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा.

वहीतली ओळ पुस्तकात कशी येते, ते त्या काकूंच्याच एका नोंदीवरून दाखवते, त्यांच्या परवानगीने. वहीत होतं:

“मुक्काम शाळेच्या ओसरीत. एका ताईंनी घरून रोट्या आणून दिल्या. फार समाधान वाटलं.”

मी विचारलं: कशात आणल्या? किती? तुम्ही किती जणी होतात? ती बसली की लगेच गेली? काकू थोडा वेळ गप्प बसल्या, मग लिहायला लागल्या:

“अंधार पडल्यावर ती आली. ओढणीच्या टोकात मक्याच्या चार रोट्या, वर मीठ आणि दोन हिरव्या मिरच्या. आम्ही तिघी होतो. चौथी कुणाची, असं मी विचारलं. ‘सुबह की,’ ती म्हणाली, आणि चूल विझेल म्हणून लगेच परतली.”

यात ‘समाधान’ हा शब्द कुठेच नाही आणि त्याची गरजही उरली नाही. आपल्या मनात काय आलं ते सांगण्याऐवजी समोर काय होतं ते मांडा. श्रद्धेच्या जागीही हेच करा. “मैयाने सांभाळलं” असं प्रत्येक पानावर लिहिलं की त्या वाक्यातला जीव जातो. कसं सांभाळलं ते एकदा नीट लिहा, मग ते वाक्य पुस्तकात दोनदा आलं तरी पुरतं.

सावध: बोलून टाइप करणार असाल तर जरूर करा, डोळ्यांना आराम मिळतो. पण विरामचिन्हं बऱ्याचदा येत नाहीत, आणि गावांची नावं भलतीच उमटतात. त्याच दिवशी दुरुस्त करा. आठवड्याने तुम्हालाच कळणार नाही की मूळ शब्द काय होता.

## ८. माणसं, नावं, फोटो

तुम्हाला आसरा देणाऱ्यांनी पुस्तकात यायचं कबूल केलेलं नाही. चांगलं लिहिणार असाल तरी फोन करून विचारा. कुणाचं घरगुती दुःख, व्यसन, आजार कळला असेल तर नाव आणि गाव दोन्ही बदला, आणि बदलल्याचं सुरुवातीला एका ओळीत सांगा. भांडण झालेल्या सोबत्याबद्दल लिहिताना ते प्रकरण आठवडाभर बाजूला ठेवा आणि मग तो वाचतो आहे असं समजून वाचा. लहान मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नकोत.

फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, सहसा काढणाऱ्याचा. सोबत्याने काढलेला फोटो हवा असेल तर दोन ओळींची लेखी संमती घ्या आणि त्याचं नाव छापा. जुनी स्तोत्रं चालतात. अलीकडच्या कवीच्या ओळी परवानगीशिवाय नकोत. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो.

## ९. तीन वाचनं

खर्डा झाला की महिनाभर ठेवून द्या. मग कागदावर छापून वाचा, पडद्यावर नाही.

पहिलं वाचन फक्त गाळण्यासाठी. ‘अविस्मरणीय’, ‘अवर्णनीय’, ‘भारावून गेलो’, ‘शब्दांत सांगता येत नाही’ हे शब्द संगणकावर शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबा. तिथे नक्की काय झालं ते लिहायचं राहून गेलेलं असतं.

दुसरं वाचन दोन परक्या माणसांचं. एक परिक्रमा केलेला, तो चुका पकडेल. एक कधीच न गेलेला, तो ‘सदाव्रत म्हणजे काय, झाडी म्हणजे काय’ असं विचारेल. त्यांना “कसं वाटलं?” विचारू नका. “कुठे थांबलात, कुठे पान उलटलंत?” हे विचारा.

तिसरं वाचन मुद्रितशोधकाचं, पैसे देऊन. घरातल्या मराठी शिकवणाऱ्या माणसावर भागवू नका. त्याला तुमचं लिखाण पाठ झालेलं असतं आणि पाठ झालेल्या मजकुरातल्या चुका दिसत नाहीत. त्याआधी तुम्ही एक कागद तयार करून द्या: मैया की मय्या, किमी की किलोमीटर, परिक्रमावासी जोडून की तोडून. जे ठरेल ते शेवटपर्यंत तेच.

## १०. छापखान्याकडे

मजकूर युनिकोडमध्ये द्या. काही ठिकाणी अजून जुन्या फाँटमध्ये रूपांतर करून पानं लावतात, आणि रूपांतरात रफार दुसऱ्या अक्षरावर उडी मारतो, ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला र बिघडतो. म्हणून रूपांतरानंतरचं प्रूफ पुन्हा पहिल्यापासून वाचायचं असतं. हे वाचन टाळल्याने बिघडलेली पुस्तकं मी पाहिली आहेत.

डेमी आकार (साडेपाच बाय साडेआठ इंच) या प्रकाराला चांगला. १६ पानांचा एक फॉर्म धरून हिशेब करा: १६० पानं म्हणजे दहा फॉर्म, १६३ झाली तर तीन पानं कापा, अकरावा फॉर्म वाढवू नका. फोटो पाच इंच रुंद छापायचा तर किमान १५०० पिक्सेल रुंदी हवी. नकाशा गूगलवरून उचलू नका. नदी, दोन तट, तुमचे मुक्काम आणि चालण्याची दिशा दाखवणारा बाण एवढं चित्रकाराकडून काढून घ्या.

आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन मिळतो, फी नाही. स्वतः प्रकाशित करत असाल तरी मिळतो. कुणी त्याचे वेगळे पैसे मागत असेल तर ते कशाचे, हे विचारा. सुरुवातीला शंभर प्रती डिजिटल छपाईने काढा. हजार प्रती एकदम छापून दिवाणाखाली ठेवण्याची घाई नको. पहिल्या शंभरात राहिलेली चूक पुढच्या छपाईत दुरुस्त होते.

तपासा: छपाईला हिरवा कंदील देण्याआधी एक बांधलेली नमुना प्रत मागा. ती उघडून टेबलावर ठेवा. मधल्या शिवणीत अक्षरं जात असतील तर आतला समास वाढवून घ्या.

प्रती आल्या की ज्यांनी आसरा दिला त्यांच्यासाठी वीस वेगळ्या काढा. काठावरच्या बऱ्याच पाड्यांत कुरिअर जात नाही. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या दुकानाचा पत्ता फोनवर विचारून घ्या, किंवा पुढच्या परिक्रमेला निघालेल्या कुणाच्या हाती द्या. त्यांच्यातल्या बहुतेकांना मराठी वाचता येणार नाही. म्हणून त्यांचा उल्लेख असलेल्या पानात कागदाची खूण घाला आणि त्या पानावरचा मजकूर हिंदीत हाताने लिहून सोबत जोडा. काकूंनी चार रोट्यांचं पान असंच पाठवलं.